चोवीस पौंडी तोफ आणि वसईची भिंत

वसईच्या किल्ल्याला अठराव्या शतकात दोन मोठे वेढे पडले. पहिला १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध घातला. दुसरा १७८० साली इंग्रज सेनापती गॉडर्डने मराठ्यांविरुद्ध घातला. किल्ला तोच, भिंत तीच, तीन बाजूंनी खाडीचे आणि समुद्राचे पाणीही तेच. पहिल्या वेढ्याला फेब्रुवारीपासून मेपर्यंत तीन महिने लागले, आणि मराठ्यांनी स्वतःच कबूल केलेल्या आकड्याप्रमाणे त्यांची पाच हजारांवर माणसे मेली अथवा जखमी झाली. पोर्तुगीजांकडचा आकडा आठशेचा होता. दुसऱ्या वेढ्यात मात्र २८ नोव्हेंबरला पहिला मोर्चा तयार झाला आणि ११ डिसेंबरला किल्ला पडला. म्हणजे पुरते दोन आठवडेही नाहीत.

पहिला वेढा आपण शौर्याची गोष्ट म्हणून शिकवतो, आणि ती शौर्याची आहेच. दुसरा वेढा बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकतो. पण दोन्ही शेजारी ठेवले की विज्ञानाच्या शिक्षकाला एक प्रश्न पडायलाच हवा. एकेचाळीस वर्षांत असे काय बदलले? भिंत मऊ झाली नव्हती, आणि आतली माणसेही भित्री झाली नव्हती.

(पुढे जाण्याआधी तारखांचा एक घोळ सोडवू, कारण वर्गात कोणीतरी विचारतेच. पोर्तुगीजांच्या शरणागतीची तारीख काही पुस्तकांत ५ मे १७३९ आढळते, तर काहींत १६ मे. दोन्ही बरोबर आहेत. पोर्तुगीज नवे ग्रेगोरियन पंचांग पाळत होते, मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुने ज्यूलियन. दोहोंत त्या शतकात अकरा दिवसांचा फरक होता.)

गॉडर्डच्या वेढ्याचे जे वर्णन आहे त्यात आकडे स्वच्छ आहेत. प्रथम भिंतीपासून ९०० यार्डांवर सहा तोफा आणि सहा गरनाळा. त्यांच्या माऱ्याच्या आडोशाने खंदक खणत पुढे सरकणे. मग ९ डिसेंबरला ५०० यार्डांवर नऊ चोवीस पौंडी तोफांचा मोर्चा, आणि बाजूने लहानमोठ्या वीस गरनाळा. दोन दिवसांत भिंतीला खिंडार पडले आणि आतल्यांनी किल्ला दिला. या वाक्यांतला प्रत्येक आकडा आम्हांला वर्गात उलगडण्याजोगा वाटतो. ‘चोवीस पौंडी’पासून सुरुवात करू.

चोवीस पौंडी म्हणजे तोफेचे वजन नव्हे. तिच्यात बसणाऱ्या भरीव लोखंडी गोळ्याचे वजन चोवीस पौंड, म्हणजे सुमारे १०.९ किलो. तोफ स्वतः अडीच टनांच्या घरात जाई. नळीचा व्यास सांगायचा तर गोळ्याच्या वजनात सांगायचा, ही त्या काळची रीत. ती अजून गेलेली नाही. बातम्यांत ‘बारा बोअरची बंदूक’ असे छापून येते, तेव्हा ते बारा मिलिमीटर किंवा बारा इंच नसतात. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची. मुलांकडून हिशेब करून घ्या: शिशाची घनता ११.३ घेतली तर व्यास साडेअठरा मिलिमीटर येतो. त्यामुळे बोअरचा आकडा वाढला की नळी लहान होते, हे ऐकून मुले हटकून गोंधळतात. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची भाषा पुन्हा वेगळी. तिथे ‘पॉइंट थ्री टू’ म्हणजे इंचाचे शतांश, सुमारे आठ मिलिमीटर.

आता दुसरा प्रयोग, कणकेचा. एक गोळा लिंबाएवढा करा, दुसरा त्याच्या दुप्पट व्यासाचा. मुलांना आधी अंदाज विचारा, दुसऱ्याला कणीक किती लागेल? दुप्पट म्हणणारे बरेच निघतात, चौपट म्हणणारे काही. तराजूत घातल्यावर आठपट निघते. वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज तोफखान्याचे प्रचलित वर्णन असे, की त्यात नव्वद तोफा होत्या, त्यांतल्या सत्तावीस पंचरसी धातूच्या, आणि या पंचरसींतली लहानात लहान तीन पौंडी. तीन आणि चोवीस, बरोबर आठपट. म्हणजे या दोन तोफांच्या नळ्यांत फरक फक्त दुपटीचा. एक गोळा सात सेंटिमीटरचा, दुसरा चौदाचा. डोळ्यांना फार मोठा वाटणार नाही असा हा फरक भिंतीला मात्र आठपट जाणवतो, आणि मोर्च्यावर ती तोफ ओढून नेणाऱ्या बैलांनाही.

तोफ मिळवायची कशी, हा प्रश्न शास्त्राइतकाच पैशाचा होता. मराठ्यांच्या इतिहासात तो सारखा डोके वर काढतो. शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून ऐंशी तोफा आणि बंदुकांसाठी शिसे विकत घेतल्याची नोंद इंग्रज इतिहासकार ऑर्मने केली आहे. विकत घेतलेली तोफ दारात आली म्हणजे व्यवहार संपला असे होत नाही. तिला त्याच मापाचे गोळे लागतात, दारू लागते, गाडा लागतो आणि बत्ती देणारा जाणता गोलंदाज लागतो. ज्याच्याकडून तोफ घेतली त्याच्याकडेच पुन्हा पुन्हा जावे लागते. गोळे ओतण्याचा पेशव्यांचा आंबेगव्हाण येथला कारखाना थोरल्या माधवरावांच्या काळातला, म्हणजे वसई घेतल्यानंतर पाव शतकाने उभा राहिलेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर व्यापाऱ्यांबद्दल जो सावधपणा दिसतो त्यामागे आरमार, किनाऱ्यावरची जागा आणि हा दारूगोळा, सगळेच होते. त्याच ग्रंथात दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, ओल लागू देऊ नये अशी बारकाईची सूचना आहे. ती कोकणात का हवी हे वसई-विरारकडच्या शिक्षकांना सांगायला नको. सोरा हवेतले पाणी ओढतो, बाजारातला मळकट सोरा तर अधिकच, आणि ओलसर दारू फुसफुसते.

उलट बाजूलाही पैशाचेच दुखणे होते. १७३९ च्या वेढ्यात पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी दारूगोळा आणि शिधा दिला, माणसे दिली नाहीत. शेवटी पंधरा हजार रुपयांचे कर्ज दिले ते चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून. वेढा चालू असताना किल्ल्यातली तोफ तारण! हे वाचताना आम्ही थबकलो होतो. पण विचार केला तर त्यात नवल नाही. पंचरसी तोफ म्हणजे मुख्यतः तांबे आणि त्यात दहाएक टक्के कथील. फुटली, जुनी झाली, तरी तिची धातूची किंमत राहतेच. बिडाची तोफ स्वस्त, पण बीड ठिसूळ. पंचरसी तोफ फुटण्याआधी बहुधा फुगते किंवा चिरते, इशारा देते. बिडाची तोफ इशारा न देता तुकडे तुकडे होऊन गोलंदाजालाच मारते.

आता ती उडवायची कशी ते पाहू. आधीच्या बाराचे निखारे विझावेत म्हणून नळीत ओला बोळा फिरवायचा. मग दारू. चोवीस पौंडीला गोळ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, म्हणजे चार-पाच किलो. त्यावर बोळा ठासायचा, मग गोळा सोडायचा. मागच्या बारीक भोकात, म्हणजे तोफेच्या कान्यात, थोडी दारू भरून बत्ती द्यायची. मग तोफ गाड्यासकट मागे पळते, ती पुन्हा ढकलून जागेवर आणायची आणि नेम पुन्हा धरायचा. तासाला आठ-दहा बार झाले तरी चांगले. नऊ तोफा, दिवसाला ऐंशी बार, बाराला चार किलो असा ढोबळ हिशेब केला तर रोजची दारू पावणेतीन टनांच्या वर जाते. तीत पाऊण भाग सोरा. अठराव्या शतकात इंग्रज आणि डच जहाजे भरभरून बिहारचा सोरा का नेत होती हे या एका गुणाकारात दिसते.

तोफ मागे का पळते हे सांगताना संवेगाचे उदाहरण बहुतेक पुस्तके बंदुकीचे देतात. आम्ही दोन टोकांची उदाहरणे शेजारी ठेवतो. अमेरिकेत काही हौशी लोक कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतात अशी अर्ध्या इंची नळीची रिव्हॉल्व्हर असतात. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या पॉइंट थ्री टूपेक्षा गोळीचा व्यास दीडपटीहून थोडा जास्त, पण त्याच घडणीची गोळी घेतली तर वजन चौपट. २८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटली आणि हत्यार १.४ किलोचे असले, तर हत्यार सेकंदाला आठ मीटर वेगाने मागे येऊ पाहते. तो झटका मनगटाने पेलायचा. आता तोफ घ्या. १०.९ किलोचा गोळा, वेग ४५०, तोफ आणि गाडा मिळून साडेतीन टन. मागे येण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरसुद्धा नाही. तरी तिच्यामागे उभा राहणारा वाचणार नाही, कारण साडेतीन टन म्हणजे साडेतीन टन. (गोळ्याबरोबर सुटणाऱ्या वायूंचा वाटा आम्ही दोन्हीकडे सोडला आहे. चुणचुणीत विद्यार्थी तो धरायला सांगेल, त्याला जरूर धरू द्या.) अशा मोठ्या नळीच्या रिव्हॉल्व्हरच्या चाकात सहाऐवजी पाचच घरे ठेवतात. गोळी जाड झाली की घरांमधल्या भिंती पातळ होतात आणि स्फोटाचा दाब सहन करू शकत नाहीत, म्हणून एक घर कमी. जुनी तोफ बुडाशी जाड आणि तोंडाशी निमुळती असते त्याचे कारणही हेच आहे. दारू पेटते तिथे दाब सर्वांत जास्त असतो.

गोळा नळीत घट्ट बसवत नसत. ओबडधोबड गोळा अडकला तर तोफच फुटायची. चोवीस पौंडीची नळी पावणेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास, गोळा चौदाच्या जरा वर. ही फट किरकोळ वाटते, पण वर्तुळांची क्षेत्रफळे काढली तर नळीच्या तोंडाचा जवळजवळ दहावा हिस्सा मोकळा राहतो आणि तिथून वायू फुकट जातो. शिवाय गोळा नळीच्या कडांवर आपटत, ठेचकाळत बाहेर पडतो, आणि शेवटची ठेच ज्या बाजूला लागेल त्याप्रमाणे स्वतःभोवती फिरत जातो. नेम चुकतो तो इथे.

हे सगळे नीट मोजणारा पहिला माणूस म्हणजे बेंजामिन रॉबिन्स. त्याचे तोफविद्येवरचे पुस्तक १७४२ साली निघाले, चिमाजी अप्पांच्या विजयानंतर तीनच वर्षांनी. त्याआधी गोळीचा वेग किती हे खात्रीने सांगणारे साधनच नव्हते. रॉबिन्सने एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यात गोळी मारली. ठोकळा किती मागे सरकला त्यावरून संवेग, संवेगावरून वेग. हा प्रयोग शाळेत बंदुकीशिवाय करता येतो. शंभर ग्रॅम मळलेली माती मीटरभर लांबीच्या दोन दोऱ्यांनी टांगा. वीस सेंटिमीटर उंचीच्या पन्हळीवरून पाच ग्रॅमची गोटी सोडून ती मातीत रुतू द्या. लंबक दोन-अडीच सेंटिमीटर मागे जातो. गोटीचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या जरा वर निघायला हवा. पन्हळीच्या उंचीवरून तोच वेग दुसऱ्या रीतीने काढता येतो, मग दोन उत्तरे ताडून पाहा.

रॉबिन्सला बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास मिळाला. पण खरा धक्का पुढे होता. वेगवेगळ्या अंतरांवर लंबक ठेवून त्याने हवेचा अडथळा काढला, आणि तो गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटींहून जास्त भरला. तोपर्यंत गॅलिलिओच्या अन्वस्तावर विसंबून तोफेचे तक्ते बनवणाऱ्यांनी हवा जवळजवळ नसल्यासारखीच धरली होती. प्रख्यात गणिती ऑयलर याला हे काम इतके मोलाचे वाटले की त्याने १७४५ साली स्वतःच्या टिपा जोडून त्याचा जर्मन अनुवाद केला. आणि रॉबिन्सचा शेवट कुठे झाला? ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपल्या किल्ल्यांची तटबंदी सुधारायला हिंदुस्थानात पाठवले, आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो तापाने गेला.

आता कणकेच्या गोळ्यांकडे परत या. हवेचा अडथळा क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून, आणि वजन घनावर. व्यास दुप्पट झाला की अडथळा चौपट, वजन आठपट. म्हणजे दर किलोमागे अडथळा निम्मा. बंदुकीच्या गोळीवर शंभरपट असणारा अडथळा चोवीस पौंडी गोळ्यावर त्याच्या वजनाच्या पंधरा-सोळापटच भरतो. लहान तोफेचा गोळा वाटेतच दमतो, मोठ्या तोफेचा भिंतीपर्यंत दम राखून पोचतो. तरी तोही दमतोच, म्हणून गॉडर्ड ९०० यार्डांवर थांबला नाही. आम्ही ढोबळ हिशेब केला तेव्हा ५०० यार्डांवरून मारलेल्या गोळ्याची भिंतीवर आदळतानाची ऊर्जा ९०० यार्डांवरच्या मानाने दीडपटीहून अधिक आली. नेम सुधारतो तो फायदा वेगळाच. खिंडार पाडायला एकाच जागी पुन्हा पुन्हा मारावे लागते. भिंतभर विखुरलेले गोळे नुसते पोपडे उडवतात.

चिमाजी अप्पांकडे अशा जड तोफांचा असा मोर्चा नव्हता. त्यांनी सुरुंग वापरले. उत्तरेच्या जमिनीकडच्या बाजूने, रेताड ओल्या जमिनीतून, वरून गोळे आणि जळते बाण पडत असताना खणत जाऊन सेबॅस्टियन बुरुजाच्या पायाशी दारू ठासायची. दारू उघड्यावर पेटवली तर नुसता भडका उडतो. ती बंदिस्त असेल तरच वायूंचा दाब साठून भिंत उचलली जाते. म्हणून भुयार खोल हवे आणि ठासणी पक्की हवी. शिवाय सगळे सुरुंग एकदम उडावेत अशी बत्ती त्या काळी कोणाकडेच नव्हती. जळत जाणाऱ्या वातीचा वेग दर हाताला बदलतो, आणि शेजारच्या स्फोटाने ती मध्येच तुटतेही. वसईला तेच झाले. पहिले सुरुंग उडाले, खिंडार पडले, लोक त्यात घुसले, आणि मागे राहिलेला सुरुंग त्यांच्या पायाखाली उडाला. शेकडो माणसे एका क्षणात गेली. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग, पुन्हा चढाई. ‘किल्ला येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी बांधून आत टाका’ अशा अर्थाचे जे उद्गार चिमाजी अप्पांच्या नावावर सांगतात ती दंतकथा असेल, पण ती कोणत्या दिवसांतून जन्मली असेल हे आकड्यांवरून कळते. पाच हजार आणि आठशे या दोन आकड्यांमधले अंतर बरेचसे जड तोफांचे अंतर आहे, असे आमचे मत आहे.

वसईच्या वर्गांत हा धडा शिकवणे नाजूक असते याची आम्हांला कल्पना आहे. एकाच बाकावर वज्रेश्वरीच्या नवसाची गोष्ट ऐकत वाढलेला मुलगा आणि रविवारी चर्चला जाणारी मुलगी बसलेली असतात, आणि दोघांची घरे त्याच मातीतली असतात. गोळ्याचे वजन, भिंतीचे अंतर, वातीचा वेग हे विषय दोघांना मिळून मोजता येतात, आणि मोजताना मेलेल्या माणसांची संख्या कुठल्याच बाजूची लपवावी लागत नाही.

तोफांच्या नळीची गोष्ट पुढे भलतीकडेच गेली. पूर्वी नळी पोकळच ओतत, त्यामुळे ती जरा वाकडी येई. अठराव्या शतकात तोफ भरीव ओतून मग गिरमिटाने कोरण्याची पद्धत युरोपात पसरली. इंग्लंडात जॉन विल्किन्सनने १७७४ साली अशा कोरणयंत्राचे पेटंट घेतले, आणि त्याच अनुभवातून त्याने जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनासाठी नेमके गोल सिलिंडर कोरून दिले. फटीतून वाफ निसटत होती ती थांबली. म्युनिकच्या तोफखान्यात तोफ कोरताना रम्फर्डने पाण्यात बुडवलेली नळी अडीच तासांत पाणी उकळवते हे दाखवले आणि उष्णता हा पदार्थ नव्हे या बाजूने १७९८ साली मोठा पुरावा मांडला. उष्णतेच्या धड्यात हा प्रयोग येतो तेव्हा बोथट गिरमिट आणि घोडा यांच्याबरोबर तोफही सांगायला विसरू नये.

आणि घंटा. वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच मानली जाते, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. तोफांची इतकी चणचण असताना त्या वितळवून तोफा का ओतल्या नाहीत, असे एका शिबिरात एका शिक्षिकेने विचारले होते. नुसती घंटा वितळवून चालत नाही. घंटेच्या धातूत कथील वीसएक टक्के असते, तोफेच्या धातूत दहा. मिश्रणाचे गणित घाला: शंभर किलोच्या घंटेपासून तोफेचा धातू करायचा तर आणखी किती तांबे घालावे लागेल? शंभर किलो. तेवढे नवे तांबे विकतच आणावे लागले असते. कथील जास्त असले की धातू कडक होतो, छान वाजतो आणि ठिसूळही होतो. नाशिकला सहल गेली तर ती घंटा वाजवून पाहा. तो घुमत राहणारा आवाज जास्तीच्या दहा टक्के कथलाचा आहे. असा आवाज देणाऱ्या धातूची तोफ असती तर गोलंदाज बत्ती देऊन लांब पळाला असता.